वर जावईबापू, खाली काका

ता. ३ फेब्रुवारी

चि. खारुताई हिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं पोचलं. फोनवर मी तेवढंच बोलले, कारण आपल्या घरातला फोन कसा आहे ते तुला ठाऊक आहे. प्रश्न मला विचारायचा आणि उत्तर आतल्या खोलीतून तुझे काका देतात. तू म्हणालीस, "मावशी, बरी आहेस ना?" आणि आतून आवाज आला, "बरी नसायला काय झालं, सकाळपासून तिसरा चहा चाललाय!" तेव्हा काही मनातलं बोलायचं म्हणजे आपलं पत्रच बरं.

तर यंत्र. आकाराने मिक्सरपेक्षा मोठं आणि शिलाई मशीनपेक्षा लहान. झाडाच्या फांदीवरून सोडलेला दोर त्याच्या पोटातून ओवायचा, ते आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं आणि बटण दाबायचं. मग ते दोर गिळत गिळत वर सरकतं आणि आपण त्याच्याबरोबर. फक्त वर जातं बरं का. उतरायचं आपलं आपण, आपल्या दोराने. पुस्तकात तसं ठळक अक्षरांत लिहिलंय.

मी आजवर फांद्या छाटायला झाडावर कशी चढत होते ते तू लहानपणापासून बघितलंयस. पायात फास, हातात चाप, वीतभर वर, दम खायचा, पुन्हा वीतभर. खाली तुझे काका कप्पीवरून दुसरा दोर ओढून माझं निम्मं वजन उचलणार आणि त्याच्या मोबदल्यात मला अखंड सांगणार: पाय इकडे टाक, तिकडे कशाला टाकलास, मी कालच म्हणत होतो. पण खांद्याने संप पुकारला आणि डॉक्टरांनी हाताने चढणं बंदच केलं. तू हे पाठवलं नसतंस तर मी आत्ता खिडकीत बसून लोकांची झाडं मोजत असते.

पहिल्यांदा पाण्याच्या टाकीजवळच्या निलगिरीवर लावून बघितलं. "अहो" म्हणायच्या आत मी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर! समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने मला बघितलं, मी तिला. ती सवयीने म्हणाली, "या ना." मी म्हटलं, "नको, घाईत आहे," आणि पुढे गेले.

त्याचं नाव मी जावईबापू ठेवलंय. भिजवायचं नाही, धुळीत ठेवायचं नाही, रात्री चार्जिंग वेळेवर, घरातला सगळ्यात चांगला कोपरा त्याचा. तू खरा आणशील तेव्हा आणशील, तोवर हेच लाड करते.

तुझे काका खालून बघत होते. हातात ओढायला दोर नव्हता, तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी खिशात घातले. चला, त्यांच्याही कमरेला आराम. बिचाऱ्यांना फार बरं वाटलं असणार.

तुझी,
मावशी


ता. ५ फेब्रुवारी

चि. खारुताईस काकांचा आशीर्वाद.

हे पत्र करवतींना धार लावणाऱ्याच्या दुकानात, त्याच्या स्टुलावर बसून लिहितोय. उत्तरही त्याच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र तुझी मावशी आधी उघडते आणि मग ते कुणाला आलंय ते बघते.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे व्याह्याची वाटही न बघता भाचीनेच धाडलं.

तू लहानपणी आमच्याबरोबर यायचीस, तेव्हा तुला आठवत असेल. तिला वर जायला अर्धा तास लागायचा. मी ओढायचो, ती चढायची आणि आम्ही बोलायचो. नळ गळतोय, कोणाच्या लग्नाला जायचं, तुझ्या लग्नाचं काय करायचं, सगळं. आमचा संसार त्या अर्ध्या तासात झालाय. घरात आम्ही काय बोलतो? मीठ दे, दिवा घालव. आता ती "जाते हं" म्हणते, घुंईं असा आवाज होतो आणि मी एकटा. परवा मी "अगं, छत्री कुठे" एवढं विचारलं. "छत्री"ला ती समोर होती, "कुठे"ला नव्हती.

एक काम तेवढं उरलंय. ती वर पोचली की पातळ दोरीचं टोक खाली सोडते. मी त्याला पिशवी बांधतो. करवत, पाण्याची बाटली, उतरायचा दोर, सगळं त्यात. मग ती पिशवी वर ओढून घेते. वर जाताना अंगावर ओझं घ्यायचं नाही ही तिची पहिल्यापासूनची पद्धत. उद्या त्या यंत्राला गाठ मारता यायला लागली की मी मोकळा. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

बायकांना सवत येते, तिला निदान नाव तरी आहे. माझ्या घरात जे आलंय त्याला काय म्हणायचं? तुझी मावशी जावईबापू म्हणते. म्हणजे मी त्याची उठबसही करायची!

तेव्हा जमलं तर परत घे. खांदा आपण शेकू. मावशीला यातलं काही सांगू नकोस.

काका


ता. ११ फेब्रुवारी

ती. काका, सा. नमस्कार.

शेकून खांदे बरे झाले असते तर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना कधीच बंद पडला असता. मावशीचा खांदा मी माझ्या हाताने तपासलाय. आता ती पूर्वीसारखी चढली तर तो कायमचा जाईल, मग डोक्यावरून फणीसुद्धा फिरवता यायची नाही. यंत्राने काम, नाहीतर घर, एवढे दोनच रस्ते आहेत. घर म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा: सकाळपासून संध्याकाळपर्यंत मावशी घरात, कापायला एकही फांदी नाही आणि समोर तुम्ही.

यंत्र परत घेणार नाही. मावशीला काही सांगणारही नाही. पण तिला जपा, आणि त्यालाही.

तुमची,
खारुताई

ता. क. माझ्या लग्नाचं तुम्ही त्या अर्ध्या तासात ठरवत होतात हे मला आजच कळलं.


ता. २ मार्च

चि. खारुताई हिला आशीर्वाद.

जावईबापू रुसले. आज चालतात, उद्या मान टाकतात. कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला. त्याने सगळं उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं, दोन कप चहा घेतला आणि म्हणाला, यंत्रात काही दोष नाही. मग दोष काय माझ्यात आहे? म्हणाला, बॅटरी भरत नाहीये, घरातली वीज नीट येते का? आमच्याकडे वीज इतकी नीट येते की बिलसुद्धा वेळेवर येतं.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर मी जेमतेम दीड पुरुष वर गेले आणि जावईबापू गप्प. मी तिथे लोंबकळतेय आणि शाळेची अख्खी मधली सुट्टी माझ्याखाली जमलीय. पण तुझे काका काय तत्पर! त्यांनी शिडी आधीच गाडीतून काढून झाडाला टेकवून ठेवली होती. इतकी दूरदृष्टी मी त्यांच्यात आजवर बघितली नव्हती. "आलो, आलो," करत असे धावले, चेहरा नुसता उजळलेला. रात्री बॅटरीसुद्धा तेच लावतात, मला हात लावू देत नाहीत. यंत्र पुसून ठेवतात. मी उगाच मनात म्हणत होते की यांना ते आवडलं नसेल. माणूस ओळखायला उभा जन्म पुरत नाही बघ.

आता काळजी वाचनालयाच्या कामाची. मागच्या अंगणातलं डेरेदार झाड छपरावर आलंय, त्याच्या फांद्या उतरवायच्या आहेत. या भागातलं एवढं मोठं काम वर्षातून एखादंच. तिथे माझी अशी शोभा झाली तर पुढची सगळी कामं दुसरीकडे जातील. मग मी घरी, आणि घरी मी किती वाईट असते ते तुला माहीत आहे.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. काल एके ठिकाणी यंत्र अजिबात चालेना, तुझे काका चहा आणायला गेलेले, म्हणून मी हातानेच चढले. थोडीशीच. रात्रभर खांद्याने झोपू दिलं नाही. उशीत तोंड खुपसून पडले होते. काकांना अजिबात सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील.

तुझी,
मावशी


ता. ८ मार्च

ती. काका,

नमस्कार नंतर करते. आधी उत्तर द्या. बॅटरी रात्री कोण लावतं? आणि यंत्र बंद पडणार हे माहीत नसलेला माणूस शिडी आधीच झाडाला टेकवून कशाला ठेवतो?

मावशीला तुमच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटतंय. मला नाही वाटत. तिने तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय, म्हणूनच सांगते: तुम्ही चहा आणायला गेलात त्या दिवशी ती हाताने चढली आणि रात्रभर खांदा धरून जागी होती. तुमच्या शेजारी. उशीत तोंड खुपसून, तुम्हाला कळू नये म्हणून.

मी फार चिडलेय. आता नमस्कार.

खारुताई


ता. १३ मार्च

चि. खारुताईस,

धारवाला विचारतो, पत्र वाचून असा का बसलास. म्हटलं, डोळ्यांत भुसा गेला. त्याच्या दुकानात लोखंडाशिवाय काही कापत नाहीत, भुसा कुठला येणार!

बॅटरी मी लावतो हे खरं. मात्र रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करायची मला सवय आहे. पहिल्यांदा त्यात चार्जरचं बटण बंद झालं ते शपथेवर चुकून. सकाळी ती झाडाखाली आली, बटण दाबलं, काही झालं नाही आणि ती वळून म्हणाली, "अहो, जरा ओढता का?" महिनाभराने म्हणाली गं. थोडंसंच ओढलं मी, पहिल्या फांदीपर्यंत. मला इतकं बरं वाटलं! दुसऱ्यांदा चुकून नव्हतं. एकदा बॅटरी फ्रीजमध्येही ठेवली. पुस्तकात लिहिलंय, थंड जागी ठेवा. तेवढं एकच वाक्य मी वाचलं आणि तिथेच पुस्तक मिटलं.

ती एकटी हाताने चढली हे मला माहीत नव्हतं. शेजारी झोपलेला माणूस मी, घोरत होतो. मी गाढव आहे. गाढवाला निदान ओझं तरी वाहायला देतात.

आता बटण बंद करणार नाही. रात्री दोनदा उठून चालू आहे का बघतो. पण खारुताई, एक सांग. ती वर गेल्यावर मी खाली उभं राहून करायचं काय? झाड काही पळून जात नाही. तिला हे कसं सांगू ते मला कळत नाही. समोर आली की मी छत्रीचंच विचारतो.

तुझे,
काका


ता. १८ मार्च

प्रिय मावशी, सा. नमस्कार.

यंत्र आता नीट चालेल. कसं, ते विचारू नकोस. डॉक्टर जसं "आता बरं वाटेल" म्हणतात तसं समज.

मात्र एक औषध सांगते. वाचनालयाच्या झाडावर जाशील तेव्हा काकांना एकदा बरोबर घेऊन जा. यंत्र दोन माणसांचं वजन उचलतं, पुस्तकात चित्र आहे. इतकी वर्षं तुझ्याबरोबर झाडांचं काम करून त्यांनी एकही झाड वरून बघितलेलं नाही. तुला वर काय दिसतं ते त्यांनाही दिसू दे. आणि वर गेल्यावर त्यांना बोलू दे. मध्येच फांद्यांकडे बघू नकोस.

खांद्याला दिलेले व्यायाम करतेस का? "करते" असं लिहू नकोस, कर.

तुझी,
खारुताई


ता. २६ मार्च
मुक्काम: झाड

चि. खारुताई हिला आशीर्वाद.

अक्षर हलतंय ते वाऱ्याने, माझी तब्येत उत्तम आहे. कोणत्या फांद्या कापायच्या त्याचं वाचनालयाने चित्र काढून दिलं होतं, त्याच्या पाठीवर लिहितेय. पेन्सिल केसांत होती.

तुझ्या सांगण्याप्रमाणे काकांना वर आणलं. आज वाचनालयाला सुट्टी, अंगणात चिटपाखरू नाही, म्हणून म्हटलं आजच. आधी नको नको म्हणाले. मग जुना पट्टा चढवला, तो पोटावर बसेना. मग श्वास आत घेऊन बसवला आणि अजून तो सोडलेला नाही. जावईबापूंनी दोघांना अलगद उचललं. सबंध वेळ तुझे काका डोळे मिटून माझा दंड धरून होते आणि "हळू, हळू" म्हणत होते. यंत्राला, मला नाही. वर एक चांगली रुंद बेचकी आहे. तिथे दोघं बसलो, कमरेच्या पट्ट्या खोडाला बांधल्या. मग त्यांनी एक डोळा उघडला. छपरं बघितली, रस्ता बघितला. मलाही इतकं छान वाटलं म्हणून सांगू.

मग मी कामाला लागले. पातळ दोरीचं टोक खाली सोडलं आणि ओरडले, "अहो, पिशवी बांधा!"

"बरं," तुझे काका म्हणाले. माझ्या शेजारून.

आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. पिशवी झाडाच्या बुंध्याशी होती. तिच्यात करवत, पाणी, यांचं पाकीट, फोन आणि उतरायचा दोर. जावईबापूंना उतरता येत नाही. बांधायला खाली कोणी नाही, कारण बांधणारा माणूस माझ्या शेजारी बसून पाय हलवतोय.

सगळ्या जगात ही चूक फक्त आम्हीच करू शकलो असतो. दुसरे लोक आपली पिशवी आपण घेऊन चढतात.

थोडा वेळ एकमेकांना दोष दिला. वर हवा चांगली असल्यामुळे तेही नीट झालं. मग तुझे काका एकदम म्हणाले, "बॅटरी मीच बंद करत होतो." सगळं सांगितलं. शिडीचं, फ्रीजचंसुद्धा. मला संताप आला! शाळेची मधली सुट्टी आठवली, खांदा आठवला. तरातरा उठून निघून जावं, तर बेचकी एकच. रुसून पाठ फिरवावी, तर पट्टा वळू देईना. शेवटी तोंडावर हात घेऊन बसले. तर म्हणतात, "तू यंत्राने वर जायला लागलीस. मग मी कशाला, असं वाटलं. मला भीती वाटली." भीती वाटली हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. स्वयंपाकघराला आग लागली होती तेव्हाही म्हणाले नव्हते.

मी म्हटलं, "अहो, शहाणे! इतकी वर्षं वर आलेली प्रत्येक वस्तू तुमच्या गाठीला लटकून आली. मी ती गाठ कधी तपासली? एकदा तरी? यंत्र मी रोज तपासते." मग मलाच रडू आलं. यांनी रुमाल काढायला खिशात हात घातला, रुमाल पिशवीत.

आता प्रश्न उतरायचा. ओरडलं तर रस्त्यावरचे लोक येतील, पण उद्या गावभर होईल की झाडवालेच झाडावर अडकले. धंदा बसेल. तुझे काका म्हणतात, मदत मागायला हरकत नाही, पण सहज मागितल्यासारखी मागायची. मला सहज मागता येत नाही.

पोस्टमन येताना दिसतोय. बरं झालं, त्याच्याकडे हे पत्र देते. पातळ दोरीला बांधून खाली सोडीन. तुला चार-पाच दिवसांत मिळेल. तोवर आम्ही उतरलो नसलो तर अग्निशमन दलाला कळव. फार घाई नको.

तुझी,
मावशी

काकांचा आशीर्वाद. इथून आपली गाडी फार लहान दिसते.


ता. १ एप्रिल

ती. मावशी आणि ती. काका,

दोघांना एकच पत्र लिहितेय. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. धारवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा.

"मुक्काम: झाड" वाचून मी दवाखान्यात एका आजोबांचा पाय वर धरलेला तसाच सोडून बाहेर धावले. ते अजून बोलत नाहीत माझ्याशी. तुम्हाला फोन केला तर दोघं एकदम बोलायला लागलात. एक जण "तिकीट" म्हणत होता आणि एक जण "उंटावरून शेळ्या". जिवंत आहात आणि जमिनीवर आहात, एवढंच कळलं. मग मी भिंतीला टेकून रडले आणि मग इतकी हसले की आजोबांना वाटलं, त्यांनाच हसतेय.

मावशी! समोर पोस्टमन उभा असताना त्याच्याकडे पत्र देतात का? शिडी मागतात! काका, तुम्ही तरी! पण तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

कसे उतरलात ते एकाने लिहा. दुसऱ्याने गप्प बसा.

सोबत एक छोटं खोकं आहे. ते काकांचं आहे. या यंत्राबरोबर खाली उभ्या असलेल्या माणसासाठी एक रिमोट मिळतो. त्यावर दोन बटणं आहेत, एकाने यंत्र वर जातं, दुसऱ्याने थांबतं. यंत्र घेताना दुकानदाराने विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं, नको, खाली काही काम नसतं. काका, मला माफ करा.

तुमची,
खारुताई


ता. २० एप्रिल

चि. खारुताई हिला दोघांचे आशीर्वाद.

मी लिहितेय, कंसातलं काकांचं. त्यांना गप्प बसायला सांगितलंयस, पण तू लांब आहेस. (आणि ती काहीतरीच लिहील.)

पोस्टमनने पत्र घेतलं, पिशवीत टाकलं, गेला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. वर बघून म्हणाला, "बाई, तिकीट लावलेलं नाही." मी म्हटलं, "तिकिटं पाकिटात आहेत, पाकीट त्या पिशवीत." तो म्हणाला, "मग काढून घेऊ?" (मी म्हटलं, परक्याच्या पाकिटात हात घालू नये, पिशवीच वर पाठवा. सुचलं मला! सहज मागितल्यासारखं!) खरं आहे, यांनाच सुचलं. मग यांनी झाडावर बसून त्याला गाठ शिकवायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी प्रत्यक्ष बघितलं. वळसा इकडून, नाही, तुमच्या इकडून, माझ्या नव्हे. तीनदा सोडायला लावली. तो बिचारा म्हणाला, "अहो, एका तिकिटासाठी एवढी गाठ?" (पिशवीत करवत होती. त्याच्या डोक्यावर पडली असती म्हणजे?) शेवटी यांनी "आता ओढ" म्हटलं, तेव्हा मी ओढलं. तोवर नाही.

तिकीट दोरीने खाली सोडलं, पोस्टमन ते लावून गेला आणि आम्ही उतरलो. मी आधी, मग वरून "हळू, हळू" ऐकू येत राहिलं. तुला पत्र पोचायच्या कितीतरी आधी आम्ही घरी जेवून झोपलो होतो. तुला सांगायचं राहिलं खरं. (मी म्हटलं होतं फोन कर. ही म्हणाली, पत्र गेलंय की.)

वाचनालयाचं काम दुसऱ्या दिवसापासून केलं, नीट पार पडलं. त्यांनी आता पुढच्या दारातलं झाडही सांगितलंय. खांदा शांत आहे. व्यायाम करते. (करत नाही.) करते!

आणि तुझा रिमोट. काय बुद्धी सुचली तुला कोण जाणे. तो त्यांच्या गळ्यात असतो, जेवतानासुद्धा. मी निम्म्यावर गेले की घुंईं बंद. पहिल्यांदा घाबरले, म्हटलं पुन्हा बॅटरी. खाली बघितलं तर हे मान वर करून उभे. "नळवाल्याला काय सांगायचं?" संध्याकाळी सांगते म्हटलं, तर सोडेनात. नळवाल्याचं ठरलं, तुझ्या आत्याकडच्या लग्नाचं ठरलं, तेव्हा पुढे जाऊ दिलं. आता रोजचंच झालंय. मी त्यांच्या मुठीत आहे गं, अक्षरशः. बोलायचं काही नसलं की "दोर नीट आहे ना, बघ एकदा," म्हणतात. मी बघते. नीटच असतो. मग वर जाते.

चहाचं आधण ठेवलंय, उतू जाईल. बाकी क्षेम.

मावशी


ती आत गेलीय तेवढ्यात लिहितो. दोर नीट असतो ते मला खालूनही दिसतं. तिला थांबवतो ती जागा मी बघून ठेवलीय. तिथपर्यंत ती दिसते. त्याच्यापुढे पानं सुरू होतात आणि मग नुसता आवाज येतो. म्हणून तिथे जरा थांबवून घेतो. हे तिला सांगू नकोस.

काका


वाचलं मी. पानं सुरू झाली की मलाही हे दिसत नाहीत.

मावशी